पाच मशीन, नव्वद पाळ्या

माझा थोरला चुलतभाऊ शेवटची दीड वर्षं डायलिसिसवर होता, म्हणजे किडन्यांचं रक्त साफ करायचं काम मशीननं करून घ्यावं लागायचं. आम्ही त्याला दादा म्हणायचो. आठवड्यातून दोन दिवस त्याला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जायचं काम माझ्याकडे होतं. एकदा तो मशीनला लागला की सोबतच्या माणसाला चार तास काही उद्योग नसतो. चहा होतो, मोबाईलची बॅटरी उतरते, मग समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं. त्या भिंतीवर एक पांढरा बोर्ड होता. सोमवार ते शनिवार सहा रकाने, प्रत्येक रकान्यात तीन शिफ्ट आणि प्रत्येक शिफ्टला पाच नावं, कारण मशीन पाच.

तो बोर्ड मी कित्येक महिने नुसता बघितला. मग एके दिवशी औषधाच्या चिठ्ठीमागे हिशोब मांडला. ५ मशीन, ३ शिफ्ट, ६ दिवस, म्हणजे आठवड्याला ९० पाळ्या. किडन्या पूर्ण निकामी झालेल्या माणसाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस लागतं. तसं द्यायचं तर ९० पाळ्यांत ३० माणसं बसतात. दोनदाच दिलं तर ४५. मशीन तीच, सिस्टर त्याच, पाणी आणि वीजही तेवढीच. वर १५ माणसं जास्त.

आता सांगा, ३० जणांना पुरेसं द्यायचं, की ४५ जणांना थोडं कमी?

सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या आरोग्यसेवेत न्याय कसा करायचा, यावर जगभर जाडजूड चर्चा चालते. 'संसाधनांचे समन्यायी वितरण' असा सरकारी शब्दही आहे, आणि तो ऐकला की माणूस पुढचं वाचायचं सोडून देतो. म्हणून मी त्या बोर्डापासूनच सुरुवात करतो. बहुतेक सगळे प्रश्न तिथे मार्करनं लिहिलेले आहेत.

आधी 'थोडं कमी' म्हणजे काय ते बघू. किडनी थांबली की लघवी कमी होते, काहींची बंदच होते. प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दोन-तीन किलो वाढतं, आणि ते सगळं पाणी असतं. पायाला सूज येते, जिना चढताना धाप लागते, रात्री आडवं होता येत नाही. दादा दिवसभराचं पाणी सकाळीच एका बाटलीत काढून ठेवायचा आणि त्यातच चहा, ताक, गोळ्या सगळं भागवायचा. शहाळं आणि केळं बंद, कारण पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. तीनदावाल्याला हे जाचतंच, पण दोनदावाल्याच्या आठवड्यात एक लांब खाडा पडतो. त्या खाड्याच्या शेवटी बाकावर बसलेली माणसं चेहऱ्यावरून ओळखू येतात.

दोनदाच करायचं हे ठरवलं कुणी, याचा मी शोध घेतला. कुठलाही आदेश नव्हता, सभा झाली नव्हती. 'सगळीकडे दोनदाच करतात' हे उत्तर मिळालं. दादाला वर्षभर वाटत होतं की त्याच्या आजाराला दोनदाच लागतं. १५ जास्तीच्या माणसांसाठी आपण आपली एक पाळी सोडतोय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं कुरकुर केली असती असं मला वाटत नाही. पाणी मोजून पिणारा माणूस होता तो. पण न सांगता घेतलेलं आणि सांगून मागितलेलं, यात फरक आहे, आणि माझ्या मते न्यायाचा अर्धा प्रश्न तिथेच आहे.

बरं, सगळ्यांना सारखं दोनदा हे तरी न्याय्य आहे का? काही रुग्णांची किडनी अजून थोडंफार काम करत असते, दिवसाला बऱ्यापैकी लघवी होते. अशांचं दोनदात भागू शकतं. ज्याची लघवी पूर्ण बंद आहे त्याचं भागत नाही. म्हणजे २० जणांना तीनदा आणि १५ जणांना दोनदा असंही करता येईल: ६० अधिक ३०, पुन्हा ९० च. यात ३५ माणसं बसतात. पंगतीत सगळ्यांना दोनच पोळ्या वाढणं वेगळं आणि भूक बघून वाढणं वेगळं. पण भूक बघून वाढायचं तर वाढप्याला प्रत्येकाची भूक मोजावी लागते, आणि 'त्याला तीन, मला दोन का?' या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. सरसकट दोनमध्ये कुणी काही विचारत नाही. सरकारी यंत्रणेला समानता आवडते त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

हा पेच आपल्याकडेच आहे असं नाही. १९६० मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरांनी हातातल्या रक्तवाहिन्यांना कायमची जोडून ठेवता येईल अशी नळी तयार केली. तोवर डायलिसिस म्हणजे दर वेळी नवी शीर शोधायची, त्यामुळे ते थोडे दिवसच करता यायचं. या नळीमुळे तेच वर्षानुवर्षं चालू ठेवता येऊ लागलं. १९६२ मध्ये तिथे केंद्र सुरू झालं, पण मशीन मोजकी आणि रुग्ण भरपूर. मग सात सामान्य नागरिकांची एक समिती नेमली. त्यात वकील होता, धर्मगुरू होता, बँकवाला होता, गृहिणी होती, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक सर्जन होता. डॉक्टरांनी वैद्यकीय चाळणी लावून पाठवलेल्या रुग्णांमधून कुणाला मशीन द्यायचं ते या सात जणांनी ठरवायचं. त्यांची नावं गुप्त.

त्यांनी काय बघितलं? वय, लग्न, पोरंबाळं, मिळकत, शिक्षण, नोकरी, मनाची स्थिरता, समाजातला वावर, आणि पुढे हा माणूस किती उपयोगी पडेल. हे छापून आल्यावर देशभर गदारोळ झाला. आपल्याकडे ती समिती बसली असती तर तुकोबांचं काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात येतो. दुष्काळात दुकान बुडालेलं, दिवाळं निघालेलं, संसाराकडे लक्ष नाही, दिवसदिवस डोंगरावर जाऊन बसतो. देवळातल्या हजेरीचे गुण मिळाले असते, बाकी सगळीकडे नापास.

समितीतली माणसं वाईट नव्हती. पण 'लायकी' मोजायला बसलं की माणूस आपल्यासारख्यालाच लायक ठरवतो. तेव्हापासून आरोग्याच्या वाटपात माणसाची सामाजिक किंमत लावायची नाही, हे तत्त्व जवळपास सगळीकडे निदान कागदावर तरी मान्य झालं.

मग लायकी नाही तर काय बघायचं? दोन गोष्टी उरतात: कुणाला जास्त गरज आहे आणि कुणाला जास्त फायदा होईल. कानाला दोन्ही सारख्याच वाटतात, पण प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या विरोधात जाऊ शकतात.

एका पावसाळ्यात भात लावणीच्या दिवसांत एका तरुण बाईला घोणस चावली. प्रतिविष दिलं, जीव वाचला, पण घोणशीच्या विषानं किडन्या बंद पडल्या. अशा रुग्णाचं वेगळेपण असं की पुष्कळदा ते तात्पुरतं असतं. काही आठवडे डायलिसिसनं तगवलं तर किडन्या पुन्हा सुरू होण्याची चांगली शक्यता असते, आणि मग माणूस घरी जाऊन पुन्हा शेतात उभा राहतो. लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापातही असं घडतं. बोर्डावर तिला जागा नव्हती. फायद्याचा विचार केला तर तिचा नंबर पहिला: थोड्या पाळ्यांत अख्खं आयुष्य. गरजेचा विचार केला तर बोर्डावरचे सगळेच गरजू, कुणाचीही पाळी काढली तरी त्याच्या जिवाशी खेळ. रांगेचा विचार केला तर ती शेवटची.

त्या आठवड्यात सिस्टरांनी रात्रीची चौथी शिफ्ट चालवली. म्हणजे वाटपाचा प्रश्न सुटला नाही, तो सिस्टरांच्या झोपेवर ढकलला गेला. सरकारी दवाखान्यात हे नेहमीचंच आहे. मशीन कमी पडलं की ते कागदावर दिसतं. माणूस जास्त राबलं की ते कुठल्याच कागदावर येत नाही.

कोर्टात गेलं तर? दोन कोर्टांची गोष्ट सांगतो. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर धावत्या गाडीतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी त्यानं पदरचे पैसे खर्चून खासगीत उपचार घेतले. १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की तातडीचे उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि तिजोरीत पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही.

पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत डर्बनचे थियागराज सूब्रमनी डायलिसिससाठी तिथल्या घटना न्यायालयात गेले. वय ४१, मधुमेह, हृदयविकार. सरकारी रुग्णालयाचा नियम असा होता की किडनी बदलता येण्याजोग्या रुग्णांनाच कायमचं डायलिसिस मिळेल, आणि हृदयामुळे ते त्यात बसत नव्हते. न्यायाधीशांनी आपला तो बंगालचा निकाल वाचला, त्याची चर्चा केली आणि म्हटलं की अचानक आलेला अपघात वेगळा आणि आयुष्यभर चालणारा उपचार वेगळा. नियम समजून-उमजून केलेला आहे, सगळ्यांना सारखा लावलेला आहे, तेव्हा कोर्ट त्यात हात घालणार नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये निकाल लागला आणि थोड्याच दिवसांत ते वारले.

मला हा निकाल वाचून राग येतो आणि त्यातला तर्क खोडूनही काढता येत नाही. सूब्रमनींना पाळी दिली असती तर ती कुणाच्या तरी नावावरून काढावी लागली असती, आणि तो माणूस कोर्टात हजर नव्हता. कोर्टापुढे उभा राहतो त्याला चेहरा असतो. ज्याची पाळी जाते त्याला नसतो.

मशीन वाढवली की झालं, असं कुणीही म्हणेल. अमेरिकेनं तेच केलं. १९७१ मध्ये एका रुग्णानं संसदेच्या समितीसमोर बसून डायलिसिस करून दाखवलं, आणि १९७२ मध्ये कायदा झाला की जवळपास प्रत्येक किडनीच्या रुग्णाचा खर्च सरकार करेल. सिअ‍ॅटलसारख्या समित्यांचं काम संपलं. पण फक्त किडनीवाल्यांसाठी. त्याच देशात इतर आजारांचे लाखो लोक विम्याविना तसेच राहिले. एका आजाराचा प्रश्न सुटला तो त्याला टीव्हीवर दाखवण्याजोगं मशीन होतं म्हणूनही, असं मला वाटतं.

थायलंडनं वेगळी वाट धरली. तिथे सर्वांसाठीची आरोग्य योजना २००२ पर्यंत देशभर पोचली, पण डायलिसिस तिच्यात नव्हतं. एका माणसाच्या डायलिसिसच्या पैशात इतर कितीतरी लोकांचे उपचार होतात, हे कारण. हिशोबानं बरोबर होतं. पण घरंच्या घरं जमिनी विकून बसायला लागली आणि २००८ मध्ये सरकारनं डायलिसिस योजनेत घेतलं, एका अटीवर. पोटात पाणी भरून घरच्या घरी करायचं डायलिसिस आधी. ते ज्यांना चालणारच नाही, त्यांनाच मशीन. पाण्याच्या पिशव्या पोस्टानं घरपोच जायच्या, त्यामुळे मशीन नसलेल्या खेड्यातल्या माणसालाही उपचार मिळाला. पुढे २०२२ मध्ये रुग्णाला पद्धत निवडण्याची मुभा दिली. चौदा वर्षं लोकांना निवड नव्हती, ही त्या न्यायाची किंमत होती. पण काय सोडलं आणि कशासाठी, हे निदान सांगितलेलं होतं.

आपल्याकडे २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, आणि राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. म्हणजे मशीनवर झोपायचे पैसे पडत नाहीत. दादाचेही पडले नाहीत. पण आमच्या शेजारच्या बाकावर एक आजोबा बसायचे, नातवाला घेऊन. पहाटे पाचच्या एसटीनं निघायचे, साठ-पासष्ट किलोमीटर. डायलिसिसच्या रुग्णाला एसटीत सवलत आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांनाही फुकट प्रवास आहे, पण आजोबा बहात्तरचे, म्हणजे त्यांना अर्धं तिकीट, आणि दर फेरीला एक दिवसाची मजुरी बुडीत. त्यांच्यापेक्षा लांबच्या गावचे लोक बोर्डावर नव्हतेच. त्या गावांत कुणाच्या किडन्या खराब होत नाहीत असं नाही. ते रांगेपर्यंत पोचतच नाहीत, एवढंच. रांग कितीही सरळ लावली तरी ती दवाखान्याच्या दारापासूनच सुरू होते.

किडनी बदलण्याच्या यादीचंही तसंच. मृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षायादी असते, आणि कुणाला द्यायची हे रक्तगट, वाट बघण्याचा काळ, वय वगैरेंच्या गुणांवर ठरतं. संगणकापुढे वशिला चालू नये म्हणूनच ती व्यवस्था केली आहे आणि ती चांगली आहे. पण यादीत नाव घालायला प्रत्यारोपण करणारं रुग्णालय लागतं, ती बहुतेक मोठ्या शहरांत आणि बरीचशी खासगी. रात्री दोनला फोन आला तर काही तासांत पोचता आलं पाहिजे, पैसे तयार पाहिजेत. २०२३ मध्ये केंद्रानं राज्यांना रहिवासाची अट काढायला सांगितली, म्हणजे कुठल्याही राज्यात नाव घालता यावं. ऐकायला छान आहे, पण दुसऱ्या राज्यात जाऊन नाव कोण घालणार, हे तुम्हीच ठरवा. बायकांचा मुद्दा आणखी बोचरा आहे. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. नवऱ्याला बायको देते, मुलाला आई देते. बायकोची गेली की घरात 'बघू' सुरू होतं. २०२५ मध्ये राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेनं यादीतल्या महिलांना जादा गुण द्यावेत अशी सूचना काढली, त्यामागे हीच विषमता आहे.

आणि एक रांग अशी आहे की तिच्यात उभं राहिल्याचं माणसाला माहीतच नसतं. किडनी निकामी होण्याची दोन मोठी कारणं म्हणजे साखर आणि बीपी. दादाला बीपी होतं. गोळी स्वस्तातली होती. उपकेंद्रात असायची तेव्हा तो घ्यायचा, नसायची तेव्हा 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडून द्यायचा. बीपीला बरं-वाईट वाटत नसतंच. नवं मशीन आलं की फीत कापायला पुढारी येतात, पेपरात फोटो येतो. उपकेंद्रात बीपीची गोळी बारा महिने शिल्लक राहिली तर कुणाचा फोटो काढणार? ज्याची किडनी शाबूत राहिली तो 'माझी किडनी वाचली' म्हणून कलेक्टर कचेरीवर आभाराचा मोर्चा नेत नाही. त्याला कळतही नाही.

म्हणून मशीनला पैसे देऊ नयेत का? दादा मशीनवर असताना मला कुणी हे म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. समोर तडफडणाऱ्या माणसाला 'तुझ्या पैशात आम्ही दोनशे जणांचं बीपी सांभाळतो' असं सांगता येत नाही, आणि ते दोनशे जण समोर नाहीत म्हणून त्यांचा हिस्सा दरवर्षी कापत राहणंही बरोबर नाही. अर्थसंकल्प करणाऱ्यानं निदान दोन्ही आकडे एका पानावर मांडावेत, एवढीच माझी मागणी आहे.

पुन्हा बोर्डाकडे येतो. तिसरी शिफ्ट रात्री नऊ-साडेनऊला संपायची आणि आजोबांच्या गावची शेवटची गाडी पावणेआठला. म्हणून सिस्टरांनी आपल्यापुरता एक नियम केला होता: गाडीवाल्यांना पहिल्या दोन शिफ्ट, गावातल्यांना तिसरी. गावातला एक रिक्षावाला रोज भांडायचा की संध्याकाळीच माझा धंदा असतो. सिस्टर म्हणायच्या, "दादा, तुमची रिक्षा तुम्हाला घरी नेते. त्यांना कोण नेणार?" तो गप्प बसायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडायचा.

वेटिंगची वही मात्र ड्रॉवरमध्ये असायची. कुणाचा नंबर कितवा, कुणालाच माहीत नाही. त्यामुळे रोज कुणाकुणाचे फोन यायचे: अमक्या साहेबांचा माणूस आहे, तमक्यांचे पाहुणे आहेत. एकदा मोठा वाद झाला आणि त्यानंतर सिस्टरांनी नावं न लिहिता नुसते नंबर आणि तारखा असलेला कागद दारावर चिकटवला. फोन कमी झाले. आता लोक दारापाशी उभे राहून कागद वाचायचे आणि बोट ठेवून विचारायचे.

एका सकाळी चौथ्या नंबरच्या बाईचा मुलगा आला. सात नंबरला बोलावलं आणि आम्हाला नाही, असं कसं, असं त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, सरळ प्रश्न होता. उत्तरही सरळ होतं. रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिसच्या रुग्णांसाठी एक मशीन वेगळं ठेवलेलं असतं, रिकामं झालेलं मशीन ते होतं, आणि सात नंबरचा माणूस त्या मशीनचा होता. पण सात नंबर तिथेच, दोन हातांवर, बाकावर बसलेला होता.

सिस्टरांनी सात नंबरकडे बघितलं नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मुलगा कागदासमोर उभाच राहिला.